ॲलर्जी, कुत्र्यांतील त्वचेची
पिसवांची लाळ, धुळीतील माइट, परागकण किंवा अन्नातील प्रथिने यांना शरीराने दिलेल्या अतिरेकी प्रतिसादातून कुत्र्यांना होणारा खाजरा त्वचादाह.

पिसवांमुळे होणारा प्रकार शेपटीच्या मुळाशी व मांड्यांच्या मागे दिसतो (→ पिसू). मुंबई व कोकणपट्टीच्या उबदार, दमट हवेत पिसवा वर्षभर टिकतात. धुळीतील माइट, परागकण यांमुळे होणारा, अनुवंशाशी निगडित प्रकार म्हणजे ॲटोपी. ती बहुधा सहा महिने ते तीन वर्षे वयात सुरू होते. तीत कुत्रा पंजे चाटतो, कान व तोंड घासतो. अन्नजन्य प्रकार ऋतूनुसार बदलत नाही.

निदानात आधी खरूज व बुरशीसंसर्ग वगळतात (→ खरूज). अन्नजन्य प्रकारासाठी सुमारे आठ आठवडे नवे प्रथिन असलेला आहारच देतात. या काळात बिस्किटाचा तुकडाही चाचणी निष्फळ करू शकतो. केवळ रक्तचाचणीवरून निदान करू नये.

उपचारात घरातील सर्व पाळीव प्राण्यांचे पिसूनियंत्रण प्रथम येते. कुत्र्यांसाठीचे पिसूनाशक परमेथ्रिन मांजरांना घातक असते, ही खबरदारी महत्त्वाची. खाजवून झालेल्या जिवाणू व यीस्ट संसर्गावर क्लोरहेक्सिडीनयुक्त शाम्पू वापरतात. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लवकर गुण देते, पण तहान-भूक वाढवते. म्हणून ते दीर्घकाळ देणे टाळतात. ऑक्लासिटिनिब (अमेरिकेत मान्यता २०१३) व लोकिव्हेटमॅबचे इंजेक्शन खाजेच्या संदेशमार्गावर काम करतात. ॲलर्जीकारकाची मात्रा हळूहळू वाढवत नेणाऱ्या प्रतिरक्षा उपचाराला गुण येण्यास अनेक महिने लागतात (→ प्रतिरक्षाविज्ञान). ॲटोपी सहसा समूळ बरी होत नाही. उपचार आयुष्यभर चालतात.