वादळे आणि मालवणचे पाणबुडे



१६६४ सालच्या नोव्हेंबर महिन्यात, पावसाळा सरून समुद्र निवळल्यावर, शिवछत्रपतींनी मालवणनजीकच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. त्या दुर्गाच्या तटाखालील खडकांत आज निराळीच वर्दळ असते. पाठीस दाबलेल्या हवेचे नळकांडे बांधून हौशी प्रवासी पाण्याखाली उतरतात आणि पोवळ्यांभोवती फिरणारे रंगीबेरंगी मासे पाहतात. हे साधन कूस्तो व गान्यां या दोघा फ्रेंचांनी १९४३ साली सिद्ध केले. मालवणचा हा सागरी प्रदेश १९८७ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्यानंतर काही वर्षांनी पाणबुडीचा हा छंद येथे रुजला आणि आज अनेक कोळी कुटुंबांची चूल त्यावर पेटते. या नव्या व्यवसायाचा वादळांशी काय संबंध येतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

कोकणात 'आगोट' हा शब्द फार जुना. आगोट लागली की दर्या बंद. मराठी आरमाराची गुराबे व गलबते पावसाळ्यात खाड्यांच्या आश्रयास छावणी करीत. व्यापारी तारवे किनाऱ्यावर ओढून घेत. आणि नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा झाल्यावाचून कोळी होडी लोटीत नसे. आजचा नियमही त्याच वळणाचा आहे. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंद असतात. परंतु ही सर्व व्यवस्था नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांकडे पाहून बसविलेली आहे. अरबी समुद्रातील चक्रीवादळांचे ऋतू दोन: एक मे-जूनचा, पावसाळ्याच्या तोंडावरचा, दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबरचा, पावसाळ्याच्या पाठीवरचा. म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी व दिवाळीची सुट्टी, ज्या दिवसांत मालवणास माणसांची रीघ लागते, नेमके तेच दिवस वादळांचेही आहेत. जुन्या पंचांगाने आखलेला मोकळा काळ निर्धोक असतोच असे नाही, हे ध्यानात ठेवावयास हवे.

कोणी म्हणेल, वादळ किनाऱ्यावर आले तरच भय. ते दूर समुद्रात असले तर आपणास काय त्याचे? येथेच चूक होते. वादळाचा वारा दूर राहतो, परंतु त्याने उठविलेल्या लाटा दूर राहत नाहीत. ज्या दोन लाटांच्या माथ्यांत बारा सेकंदांचे अंतर पडते, अशा लांब अंगाच्या लाटांचा समूह खोल समुद्रात दिवसाकाठी सुमारे ८०० किलोमीटर मजल मारतो. अशा लाटेची लांबी सव्वादोनशे मीटरच्या आसपास असते, आणि लाटेच्या निम्म्या लांबीइतक्या खोलीपर्यंत तिची हालचाल पोचते, असा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. मालवणचे पाणबुडे सामान्यतः पाच ते दहा मीटर पाण्यात उतरतात. तेव्हा तेथला तळ ढवळून निघाल्याशिवाय राहत नाही.

या ढवळण्याचे परिणाम दोन. पहिला असा की, तळाची वाळू व खाड्यांनी आणून टाकलेला गाळ वर उठतो आणि पाणी इतके गढूळ होते की सोबतचा वाटाड्याही दिसेनासा होतो. वाळू लवकर बसते. मातीचा बारीक कण मात्र अनेक दिवस तरंगत राहतो. म्हणूनच ऊन पडले, वारा थांबला, तरी पाणी त्या दिवशी निवळत नाही. दुसरा परिणाम अधिक घातक. लाटेबरोबर पाण्याखालचा माणूस पुढेमागे फेकला जातो. खडक जवळ असतात. किल्ल्याच्या तटावर आपटून परत फिरणाऱ्या लाटांची त्यात भर पडते. घाबरलेला माणूस धापा टाकतो आणि नळकांड्यातील हवा पाहता पाहता संपवितो.

२०१९ सालचे उदाहरण बोलके आहे. त्या वर्षी २७ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होते, आणि त्याच दिवशी अरबी समुद्रातील 'क्यार' वादळाने महाचक्रीवादळाचे रूप धारण केले. २००७ च्या 'गोनू'नंतर या समुद्रात एवढे प्रबळ वादळ झाले नव्हते. ते कोकणच्या भूमीस शिवलेही नाही. पश्चिमेकडे वळून भर समुद्रात विरले. तरीही सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर लाटा चढून आल्या आणि काही वस्त्यांत पाणी शिरले. क्यार पुरते शमले नाही तोच 'महा' नावाचे दुसरे वादळ उठले. ऐन दिवाळीच्या सुट्टीत समुद्राने आपले दार लावून घेतले. पुढे २०२१ च्या मे महिन्यात 'तौक्ते' वादळ १६ तारखेस या किनाऱ्याजवळून उत्तरेस गेले आणि दुसऱ्या रात्री गुजरातेत धडकले. देवगडच्या बंदरात नांगरलेल्या नौकाही त्याने बुडविल्या. तेव्हा महामारीमुळे प्रवाशांची ये-जा थंडावलेली होती. तसे नसते तर ऐन हंगामाची गर्दी त्या वादळाच्या वाटेवर असती.

तळच्या जीवसृष्टीचेही थोडे सांगितले पाहिजे. फांद्यांसारखी वाढणारी पोवळी जोरदार लाटांनी मोडतात. घुमटाकार पोवळी तग धरतात, परंतु गाळाखाली दबली तर तीही गुदमरतात. उलटपक्षी, वादळाने खालचे थंड पाणी वर येऊन समुद्राचा ताप उतरतो, आणि उष्णतेने पांढऱ्या पडू लागलेल्या पोवळ्यांना त्यामुळे कधी कधी दिलासाही मिळतो. निसर्गाचे एकच कृत्य तारक आणि मारक असे दोन्ही असू शकते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी १९८२ ते २०१९ या काळाचा अभ्यास करून अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या व त्यांचा टिकण्याचा काळ वाढल्याचे दाखविले आहे. अर्थात हा प्रश्न पुढेही आपली पाठ सोडणार नाही. मात्र साधनेही वाढली आहेत. १८७५ साली स्थापन झालेले हवामान खाते आज वादळाची वाट काही दिवस आधी सांगते. हैदराबादचे महासागर माहिती केंद्र उंच लाटांचा इशारा देते. बंदरावर बावटा चढतो. उणीव राहते ती ऐकणाऱ्याची. पुण्या-मुंबईहून आलेला प्रवासी म्हणतो, "पैसे भरले आहेत, रजा संपत आली आहे, आभाळ तर स्वच्छ आहे." होडीवाल्याचेही पोट हंगामावर असते, त्याला नाही म्हणणे जड जाते. अशा वेळी तांडेलाने "आज नको" म्हटले, तर त्याच्याशी हुज्जत घालू नये, आणि भरलेल्या पैशांसाठी त्याला अडवूनही धरू नये. त्याच्या त्या दोन शब्दांमागे कित्येक पिढ्यांचा अनुभव उभा असतो. आरमाराने ज्या समुद्रापुढे माघार घेण्यात कमीपणा मानला नाही, त्याच्यापुढे आपण एक दिवस थांबलो तर काय बिघडले?