ओरोमो भाषेचीं व्याकरणें

परभाषा शिकूं पाहणारा मनुष्य प्रथम व्याकरणाकडे धांव घेतो. तें कोणाच्या तोंडचे शब्द ऐकून रचलें, हें तो क्वचितच विचारतो. इथिओपिया व केनिया या देशांतील ओरोमो भाषेच्या बाबतींत मात्र हा प्रश्न टाळतां येत नाहीं.

इ. स. १८४० मध्यें क्राप्फ या जर्मन मिशनऱ्यानें या भाषेची एक रूपरेषा लंडनला छापली. ती अपुरी आहे असें त्यानें ग्रंथाच्या नांवांतच सांगून टाकलें, हा त्याचा प्रामाणिकपणा! अधिक भरीव काम म्यूनिकला झालें. बव्हेरियाचा ड्यूक मॅक्सिमिलियन यानें गुलामगिरींत सांपडलेलीं कांहीं आफ्रिकी मुलें तेथें आणलीं होतीं. त्यांना शिकविण्यास नेमलेला कार्ल टुटशेक हा त्यांचाच शिष्य बनला. तो १८४३ सालीं वारला. त्याचा भाऊ लोरेंझ यानें १८४४ मध्यें कोश व १८४५ मध्यें व्याकरण प्रसिद्ध केलें. घरादारापासून तोडलेल्या मुलांना जें आठवत होतें, तेंच या ग्रंथांचें भांडवल.

पुढें ओरोमो माणसांनींच लेखणी हातीं घेतली. ओनेसिमोस नेसिब हा लहानपणीं गुलाम म्हणून विकला गेला होता. १८७० सालीं मसावा बंदरांत त्याची सुटका झाली. आस्तेर गन्नो हीही गुलामगिरींतूनच सुटलेली. तिनें शब्द, गाणीं व कथा गोळा केल्या. उभयतांचें वाचनपुस्तक १८९४ सालीं निघालें, आणि १८९९ मध्यें ओनेसिमोसचें बायबल छापलें गेलें. लिपि इथिओपियाचीच, गीझ.

येथें एक अडचण होती. ओरोमोंत ‘बदा’ म्हणजे वाईट, तर ‘बद्दा’ म्हणजे डोंगराळ उंच प्रदेश. गीझ लिपींत हें द्वित्व लिहून दाखवितां येत नाहीं. क्रियापद वाक्याच्या शेवटीं येतें, म्हणून मराठी माणसास वाक्यरचना सोपी वाटेल. पण असा शब्द नुसता वाचून तो फसल्यावांचून राहणार नाहीं.

सम्राट हैले सेलासी यांच्या राजवटींत शाळा, कचेरी व छापखाना यांची दारें या भाषेला जवळजवळ बंदच होतीं. ती राजवट १९७४ सालीं संपली. ३ नोव्हेंबर १९९१ रोजीं आदिस अबाबा येथें भरलेल्या सभेनें रोमन अक्षरांची ‘कुबे’ लिपि पसंत केली. तिच्यांत दीर्घ स्वर व द्वित्त व्यंजन दोन अक्षरांनीं लिहितात. म्हणून टुटशेकच्या व्याकरणांतील शब्द कुबेंतील कोशाशीं ताडून घ्यावे लागतात. त्या जुन्या ग्रंथांच्या मुखपृष्ठावरील ‘गाल्ला’ हें नांव तर ओरोमो लोक अपमानास्पद मानतात. तें पुस्तकांतच राहूं द्यावें.