दोन बंबांचं एक कुळ

टिटवाळ्याला काळू नदीच्या काठी माझ्या मावसभावाची थोडी शेती आहे. पाणी उपसायला त्याने एका जुन्या जीपचं डिझेल इंजिन लोखंडी चौकटीवर बसवून घेतलं. चौकट बुटकी, त्यामुळे रेडिएटर इंजिनाच्या हेडपेक्षा खाली आला आणि पहिल्याच दिवशी काटा लालवर गेला. इंजिन थंड झाल्यावर मिस्त्रींनी हेडवरचा होज पाइप काढला. आत पाणी नव्हतंच. "हवा धरली," ते म्हणाले.

मग त्यांनी हेडच्याही वीतभर वर पत्र्याची एक टाकी बसवली. हेडच्या सर्वांत उंच जागेवरून आणि रेडिएटरच्या माथ्यावरून करंगळीएवढ्या दोन नळ्या टाकीच्या वरच्या भागात नेल्या. टाकीच्या बुडातून एक जाड नळी वॉटर पंपाच्या ओढीच्या बाजूला जोडली. दाबाचं झाकण टाकीवर आलं, रेडिएटरला साधं बंद झाकण बसलं. आता अडकलेली हवा बारीक नळ्यांनी वर जाणार आणि तिच्या जागी बुडातून पाणी येणार. मी कूलंट पार काठापर्यंत ओतायला लागलो, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "काका, बंब कधी काठोकाठ भरता का?"

त्या एका प्रश्नाने मला कामाला लावलं. आमच्या घरी तांब्याचा बंब होता. खाली जाळ, मधोमध धुराचं नळकांडं, त्याच्या भोवती पाणी, बाजूला पितळी तोटी. आजीचा दंडक असा की वरून चार बोटं रिकामी ठेवायची, नाहीतर उकळी आली की झाकण थडथडतं आणि पाणी बाहेर येऊन जाळ विझतो. इंजिनाच्या टाकीतली मोकळी जागा त्याच कामाची. पाणी 30 अंशांवरून 90 अंशांवर गेलं की सुमारे तीन टक्के फुगतं. दहा लिटर पाण्याला साधारण 300 मिलिलिटर जागा जास्त लागते. ती आधीच ठेवली नाही, तर पाणी ती झाकणातून करून घेतं. इंजिनाच्या टाकीला झाकणाचा दाबही असतो. तो एक बार असला तर पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं. बंबाला हा दाब नाही, पण नियम तोच.

इथवर यंत्राची गोष्ट झाली. मला खरं पछाडलं ते शब्दाने. पाणी तापवतो तो बंब आणि आग विझवतो तोही बंब, हे कसं?

पहिला धागा पोर्तुगीज. त्या भाषेत 'बोंबा' म्हणजे पाणी उपसायचा पंप, आणि अग्निशामक जवान म्हणजे 'बोंबेइरो'. पोर्तुगीजांचा पाय जिथे पडला त्या मलेशियात आजही अग्निशमन दलाला 'बोंबा'च म्हणतात. आपल्याकडे उत्तर कोकणचा बराच किनारा 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेईपर्यंत दोनशे वर्षं फिरंग्यांच्या हाती होता, आणि टिटवाळ्याची काळू ज्या उल्हासला मिळते तिचं पाणी वसईच्याच खाडीत जातं. न्हाणीघरात नजर फिरवली तर बादली पोर्तुगीज, पिंप पोर्तुगीज, परसातलं घमेलंही पोर्तुगीज. तेव्हा आगीच्या बंबाचं कुळ फिरंगी, याबद्दल मला शंका नाही.

कोणी म्हणेल, इंग्रजी 'पंप'चाच हा अपभ्रंश. मला ते पटत नाही. मराठीने पंप हा शब्द पंप म्हणूनच ठेवला, विहिरीवरही आणि सायकलच्या दुकानातही. एकाच शब्दाची एक बाजू शाबूत ठेवून दुसरी मोडायची, असं भाषा सहसा करत नाही. 'रक्तबंबाळ'मधल्या बंबाकडेही बोट दाखवता येईल. पण तिथे अर्थ माखण्याचा, निथळण्याचा आहे. भांडं त्यात कुठेच नाही.

खरा पेच पुढे आहे. पोर्तुगीज बोंबा पाणी फेकते, तापवत नाही. मग तापवणाऱ्या भांड्याला हे नाव कुणी दिलं? ते थेट फिरंग्यांकडून आलं म्हणावं, तर गोव्यात ते सर्वांत घट्ट रुजायला हवं होतं. गोव्यात मात्र आंघोळीचं पाणी तापायचं ते 'भाण' नावाच्या भांड्यात. उलट गुजरातीत पाणी तापवायचा तो 'बंबो' आणि आगीचा तो 'लायबंबो', म्हणजे अगदी मराठीसारखी जोडी. मराठी आणि गुजराती जिथे एकाच गल्लीत नांदल्या ते शहर मुंबई. म्हणून माझा तर्क मुंबईचा.

वाफेवर चालणारा पहिला आगीचा बंब लंडनमध्ये ब्रेथवेट आणि एरिक्सन यांनी 1829 मध्ये बनवला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घोड्यांनी ओढायचे असे बंब शहरोशहरी गेले. त्या गाडीच्या पाठीमागे काय असे? एक उभा, लखलखीत बॉयलर. खाली जाळ, वर धुराडं, मध्ये पाणी. मुंबईच्या रस्त्यावर तो धावताना पाहिलेल्या माणसाला घरातलं तांब्याचं भांडं त्याचंच पिल्लू वाटलं असणार. विझवणाऱ्याचं नाव तापवणाऱ्याला मिळालं ते या सारख्या रूपामुळे, असं मी मानतो.

यावर समोवाराचा दाखला देता येतो. मधोमध धुराडं आणि भोवती पाणी हा घाट इराणात आणि काश्मिरात चहाच्या समोवारात आहे. पाँपेईच्या राखेतही तसली रोमन भांडी सापडली आहेत. म्हणजे भांडं वाफेच्या बंबापेक्षा कितीतरी जुनं. मला हे मान्य आहे, आणि त्याने माझा तर्क मोडत नाही. घाट जुना असू शकतो, नाव नवं चिकटू शकतं. नवल एवढंच की याच भागात वाफेचं दुसरं इंजिन त्याआधी आलं होतं. आगगाडी 1853 मध्ये ठाण्याला, 1854 मध्ये कल्याणला आणि 1855 मध्ये टिटवाळ्यावरून वाशिंदला पोचली. तिला बंब म्हटलं नाही, ती 'इंजिन' झाली. कारण ती पाणी फेकत नव्हती.

आता शब्द सोडून पुन्हा इंजिनाच्या पाण्याकडे. रेडिएटर आधी घरं उबदार ठेवायला आला, मग मोटारीत गेला. 1901 च्या मर्सिडीजमध्ये मायबाखने 8070 बारीक नळ्यांचा मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. फोर्डची मॉडेल टी तर बहुतेक काळ पंपाविनाच चालली. गरम पाणी आपोआप वर, गार खाली. आपल्या पिठाच्या गिरण्यांमागचे ड्रमही त्याच तत्त्वावर चालत. वरच्या नळीच्या तोंडाखाली पाणी उतरलं की फिरणं थांबे, म्हणून गिरणीवाला सकाळी आधी ड्रम बघे.

मावसभावाचं इंजिन आता दिवसभर चालतं आणि काटा मध्यावरून हलत नाही. टाकी एक तृतीयांश रिकामी असते.

पुण्याच्या तांबट आळीत आजही बंबांवर हातोड्याचे ठोके पडतात, पण घराघरांतले जुने बंब मोडीत चालले आहेत. तुमच्याकडे असेल तर तो विकण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, त्यांच्या गावी त्याला काय म्हणत होते. उत्तर आलं की गावाच्या आणि तालुक्याच्या नावासह एका वहीत लिहून ठेवा. माझा तर्क खरा की खोटा, ते त्या वहीतच ठरेल.