विद्युत् प्रकाशमंडले
दुकान, कचेरी यांसारख्या लहान व्यापारी जागेतील दिव्यांना वितरण फलकापासून स्वतंत्र वितळतारेमार्फत (फ्यूजमार्फत) वीज पुरविणाऱ्या शाखा. एका शाखेवर किती दिवे ठेवावेत याचे गणित मुख्यतः तारेच्या रक्षणासाठी निर्माण झाले. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे प्रवाह दुप्पट झाल्यास ती चौपट होते व तारेवरील निरोधक आवरण जळून आग लागू शकते.

इतिहास : टॉमस एडिसन यांना 1880 मध्ये अमेरिकेत वितळतारेचे एकस्व (पेटंट) मिळाले. 4 सप्टेंबर 1882 रोजी त्यांचे न्यूयॉर्क येथील पर्ल स्ट्रीट वीजनिर्मिती केंद्र सुमारे 110 व्होल्ट दाबावर सुरू झाले. वीज घराघरांत पोहोचताच आगीची भीती वाढली. लंडनमध्ये 1882 सालीच तार अभियंत्यांच्या संस्थेने विद्युत् प्रकाशामुळे उद्‌भवणाऱ्या आगी टाळण्याचे नियम प्रसिद्ध केले. अमेरिकेत राष्ट्रीय विद्युत् संहिता 1897 मध्ये तयार झाली. तेथील आरंभीच्या नियमांत प्रकाशमंडलाची मर्यादा 660 वॉट, म्हणजे 110 व्होल्टला 6 अँपिअर, होती. भारतात पुढे एका प्रकाशमंडलावर 10 बिंदू किंवा 800 वॉट यांपैकी जी मर्यादा आधी गाठली जाईल ती पाळण्याचा प्रघात पडला. 230 व्होल्टला हा भार सु. 3·5 अँपिअर होतो.

गणन : एका दुकानात 40 वॉटच्या 20 ट्यूबलाइट आहेत असे समजू. चोकसह प्रत्येकीस सु. 50 वॉट धरल्यास एकूण भार 1,000 वॉट होतो. तो 800 वॉटपेक्षा अधिक व बिंदू 10 पेक्षा अधिक असल्याने किमान दोन मंडले लागतात. त्यांऐवजी 18 वॉटचे एलईडी दिवे लावल्यास भार 360 वॉटवर येतो. केवळ वॉटचा विचार केल्यास एक मंडल पुरेल; परंतु बिंदू 20 असल्याने दोन मंडलेच ठेवावी लागतात. त्यामुळे एका मंडलात बिघाड झाला, तरी निम्मे दुकान उजेडात राहते व दोष शोधणेही सोपे जाते.

वितळतारेची किंवा तिच्या जागी आलेल्या स्वयंचलित मंडल-खंडकाची (एमसीबीची) क्षमता तारेच्या सुरक्षित प्रवाहक्षमतेहून अधिक नसावी. वितळतार वारंवार वितळते म्हणून जाड तार बसविल्यास दिवे चालू राहतात. मात्र भिंतीतील तारेला संरक्षण उरत नाही.