वेळापूरहून वासोटा: तळ्याकाठी तंबूत मुक्काम आणि जंगलातला ट्रेक, नियोजन कसं कराल?

वेळापूर (ता. माळशिरस) : दिवाळीची सुट्टी किंवा जानेवारीची थंडी आली की आपल्या भागातल्या पोरांचं ठरायला लागतं, कुठंतरी डोंगरात जायचं, तंबूत राहायचं, किल्ला चढायचा. मोबाइलवर व्हिडिओ बघता बघता बहुतेकांची गाडी वासोट्यावर येऊन थांबते. लांबच लांब निळं पाणी, त्यातून जाणारी बोट, पलीकडं गर्द जंगल आणि वर किल्ला. जागा खरोखर तशीच आहे. पण व्हिडिओत वेळेचं गणित दिसत नाही आणि तिथंच ग्रुप फसतात.

आम्हीही फसलो होतो. गावातले आठ जण जीप करून गेलो. पहाटे निघायचं ठरलं होतं, पण एकाच्या घरी धारा काढायला माणूस नव्हता, तिथं तास गेला. साताऱ्यात मिसळ खाल्ली, कासला फोटो काढले आणि बामणोलीत पोचलो तेव्हा दुपारचे साडेबारा वाजून गेले होते. आता किल्ल्यावर सोडणार नाही, असं सांगितलं. त्यांचं चुकलं नव्हतं. रात्र तिथंच काढावी लागली, अंथरूण पुरेसं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी दोघांची उसाला पाण्याची पाळी असल्यामुळं किल्ला लांबून बघून परत आलो. पुढच्या वर्षी नीट ठरवून गेलो तेव्हा जमलं. त्या दोन फेऱ्यांतून जे कळलं ते इथं देत आहे.

आधी जागा समजून घ्या

कोयना नदीवर कोयनानगरजवळ १९६० च्या दशकात धरण पूर्ण झालं. त्याच्या पाण्याला शिवसागर जलाशय म्हणतात. साठवण सुमारे १०५ टीएमसी. हे पाणी डोंगरांच्या मधून उत्तरेला पार तापोळ्यापर्यंत पसरलेलं आहे. बामणोली, शेंबडी, मुनावळे, तापोळा ही त्याच्या काठावरची गावं. पलीकडच्या काठावर कोयना अभयारण्य. १९८५ साली ते जाहीर झालं आणि २०१० पासून चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. वासोटा किल्ला या जंगलाच्या आत, कोकणाच्या कड्यावर. उंची सुमारे ११७० मीटर.

म्हणजे हा नुसता किल्ला नाही, व्याघ्र प्रकल्पाच्या आतली जागा आहे. प्रतापगडला किंवा सज्जनगडला जावं तसं इथं जाता येत नाही. वनखात्याची परवानगी लागते, बोटीशिवाय सोयीचा रस्ता नाही आणि किल्ल्यावर किंवा जंगलात मुक्काम करायला बंदी आहे. "आपण वरच तंबू ठोकू" असं ग्रुपमध्ये कोणी म्हणत असेल तर त्याला आताच सांगा. तंबू अलीकडच्या काठावर, गावाच्या बाजूला. पलीकडं फक्त दिवसा जायचं आणि उजेड आहे तोवर परत यायचं.

कधी जायचं

पावसाळ्यात जूनच्या मध्यापासून हा ट्रेक बंद असतो. आपल्या माळशिरस तालुक्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्याच्या दसपट पाऊस त्या डोंगरांवर पडतो. ओढे फुगतात, वाटेवर जळवा असतात. पाऊस ओसरला की साधारण ऑक्टोबरमध्ये परत सुरू होतो. नक्की तारीख दरवर्षी मागंपुढं होते, म्हणून निघायच्या आधी बामणोलीच्या बोट क्लबला किंवा वनखात्याला फोन करून खात्री करा.

इथं एक घोटाळा हमखास होतो. कासची फुलं आणि वासोटा एकाच फेरीत करू असं लोक ठरवतात. कास पठार (पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली जागतिक वारसा यादीत आलेलं) फुलतं ते ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि तेव्हा ऑनलाइन बुकिंग करावं लागतं. वासोटा सुरू होईपर्यंत फुलं बहुतेक गेलेली असतात. दोन्ही हवं असेल तर दोन फेऱ्या धरा.

शेतकऱ्याच्या सोयीनं बघितलं तर रब्बीच्या पेरण्या उरकल्यावर डिसेंबर-जानेवारी बरा. शनिवार-रविवार आणि नाताळचा आठवडा टाळा, बोटीला रांगा लागतात. मार्चनंतर ऊन लागतं आणि धरणाचं पाणी मागं हटत जातं. बोट लांब लागते, मग चिखलातून किंवा वाळलेल्या गाळातून जास्तीचं चालावं लागतं.

रस्ता आणि खर्च

वेळापूरहून साताऱ्याला दोन वाटा. एक माळशिरस, नातेपुते, फलटणवरून. दुसरी पिलीव, म्हसवड, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाववरून. दोन्हींनी साधारण साडेतीन तास धरा. साताऱ्यातून कासमार्गे बामणोली आणखी ३५ ते ४० किलोमीटर. रस्ता घाटाचा, वळणांचा. आपल्या सरळ पालखी मार्गावर गाडी चालवणाऱ्यानं तिथं वेग सांभाळावा. डिझेल-पेट्रोल साताऱ्यातच भरा, रोख पैसेही तिथंच काढून घ्या. पुढं रेंज गेली की फोनवरून पैसे देणं जमत नाही.

जाऊन-येऊन ३६० किलोमीटर धरा. जीप लिटरला बारा देत असेल तर तीस लिटर डिझेल. त्याशिवाय चार खर्च: बोट, वनखात्याची प्रवेश फी, वाटाड्या आणि तंबूचा मुक्काम. दर बदलत असतात म्हणून आकडे देत नाही, पण एक लक्षात ठेवा, बोट डोईमागं मिळत नाही, आख्खी ठरवावी लागते. चार जण गेलात काय आणि दहा जण गेलात काय, भाडं सारखंच. म्हणून एका बोटीत बसतील एवढे लोक जमवून जाणं परवडतं. ज्यांच्याकडं गाडी नाही त्यांना सातारा स्टँडवरून बामणोलीची एसटी आहे, फेऱ्या मात्र मोजक्या. परतीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून घ्या.

वेळापत्रक उलटं मांडा

सगळ्यात कामाची गोष्ट हीच. निघायची वेळ आधी ठरवू नका, परतीची बोट आधी धरा. संध्याकाळी अंधार पडायच्या आत बामणोलीत परत यायचं. बोटीला एका बाजूला तासाहून जास्त लागतो, म्हणजे साडेतीन-चारला किल्ल्याच्या पायथ्याला बोटीत बसलं पाहिजे. चढायला दोन ते अडीच तास, वर तास-दीड तास, उतरायला दीड-दोन तास. हिशेब केला तर सकाळी साडेनऊच्या आत पायथ्याला पाय लागला पाहिजे. त्याआधी बोटीचा तास आणि परवानगीच्या कागदांचा अर्धा-पाऊण तास. म्हणजे सकाळी साडेसातला बामणोलीत हजर.

वेळापूरहून रात्री दोनला निघून हे जमतं, करणारे करतात. पण रात्रभर जागा असलेला ड्रायव्हर, दिवसभर चढउतार आणि परत रात्री घाट, हे मला पटत नाही. त्यापेक्षा आदल्या दिवशी सकाळी आरामात निघा, दुपारी तीनपर्यंत बामणोली किंवा शेंबडी गाठा, बोट सांगून ठेवा, काठावर मुक्काम करा. धारा काढायला कोण, मोटार कोण चालू करणार, हे दोन दिवसांचं आधी घरी लावून द्या.

प्रत्येकाचं मूळ आधार कार्ड जवळ असू द्या. एकाचं राहिलं तर सगळ्यांचा खोळंबा.

तंबूतली रात्र

राहुट्या, तंबू आपल्याला नवे नाहीत. माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामी येते तेव्हा आख्खं माळरान तंबूंनी भरतं. पण ती आषाढातली रात्र असते. डिसेंबरात पाण्याच्या काठाला पहाटे दव इतकं पडतं की बाहेर राहिलेली चादर पिळून घ्यावी. घोंगडी, कानटोपी, पायमोजे न्याच. भाड्यानं तंबू देणारे जेवणासकट पैसे सांगतात. पैसे भरायच्या आधी विचारा: खाली गादी आहे का, पांघरूण आहे का, बायकांसाठी संडासाची सोय आहे का, गाडी कुठं लावायची. आम्हाला एकानं फोनवर सगळं आहे म्हणून सांगितलं आणि प्रत्यक्षात आठ माणसांना तीन ब्लँकेटं निघाली. फोटो मागवा, तेही आजचे.

तंबू उतारावर नको आणि पाण्याला चिकटूनही नको. उरलेलं अन्न बाहेर ठेवू नका, त्या भागात रानडुकरं फिरतात. रात्री लघवीला जायचं तरी बॅटरी घेऊन दोघांनी जावं.

पाण्यात उतरू नका

हे वेगळं लिहायचं कारण आपली पोरं विहिरीत आणि कॅनॉलला पोहून तयार झालेली असतात. "आपल्याला काय होतंय" असं वाटतं. विहिरीचा तळ माहीत असतो, पायऱ्या असतात, वरून दोर टाकायला माणूस असतो. या जलाशयाच्या तळाशी बुडालेली गावं आहेत, भातखाचरांचे बांध आहेत, झाडांचे बुंधे आहेत. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस एक पाऊल पुढं टाकतो आणि बांध संपून खाली दोन पुरुष खोली लागते. गाळात पाय रुतला की पोहणं येऊन उपयोग नाही. शिवाय थंडीत सकाळचं पाणी इतकं गार असतं की दम लागतो.

बोटीत बसल्यापासून उतरेपर्यंत लाइफ जॅकेट अंगात आणि पट्टे लावलेले. मांडीखाली घेऊन बसायला ते दिलेलं नसतं. लहान मुलं असतील तर त्यांच्या मापाचं आहे का हे आदल्या दिवशीच विचारा. सेल्फीसाठी सगळे एका कडेला गेले की बोट कलते. बोटवाल्यानं जास्त माणसं भरली तर बसू नका.

जंगलात

बोट पलीकडं मेट इंदवलीला लागते. पूर्वी हे गाव होतं, आता वनखात्याचा नाका आहे. तिथं पिशव्या तपासतात. प्लास्टिकची प्रत्येक वस्तू मोजतात, अनामत ठेवून घेतात आणि येताना तेवढ्याच वस्तू दाखवल्या की परत देतात. म्हणून बिस्किटाचे पुडे आणि वेफर नेऊच नका. कडक भाकरी, शेंगाची चटणी, ठेचा, गूळ फडक्यात बांधून न्या. पाणी स्टीलच्या बाटलीत, माणशी दोन लिटर. बिडी-सिगारेट, दारू, स्पीकर बंद. चूल पेटवणंही बंद.

सुरुवातीला ओढा लागतो, जवळ मारुती आणि गणपती आहेत. मग दाट झाडीतली चढण. दुपारी बाराला सावली असते, पण हवा कोंदट, घाम सुटतो. चप्पल चालत नाही, पकड असलेले बूट पाहिजेत. एका ठिकाणी नागेश्वरच्या गुहेकडं वाट फुटते, वाटाड्याशिवाय तिकडं वळू नका. गवे, अस्वलं, बिबट्या इथले रहिवासी आहेत. गोंगाट न करता पण एकत्र चाला. लांबची झाडं हलताना दिसली तर वर बघा, शेकरू असतं.

वर मारुतीचं मंदिर, महादेवाचं मंदिर, पाण्याचं टाकं, वाड्याचे पडके अवशेष. शिवाजी महाराजांनी १६६० साली किल्ला घेतला आणि व्याघ्रगड नाव दिलं. पुढं पेशवाईच्या शेवटी ताई तेलिणीनं बापू गोखल्यांच्या फौजेशी हा किल्ला झुंजवला. १८१८ साली इंग्रजांनी तोफा लावून घेतला. बाबूकड्याच्या टोकाला रेलिंगच्या भरवशावर वाकू नका. पोरांना हाताला धरा.

जंगलात रेंज नसते. पाय मुरगळला, साप चावला तर आधी बोट, मग बामणोली, मग सातारा, एवढं अंतर आहे. रेंज आली की १०८ किंवा ११२ लावा, वनखात्याचा नंबर १९२६. गुडघे दुखणारे, दम्याचे, बीपीचे लोक सोबत असतील तर त्यांना काठावरच ठेवा. तिथं तापोळ्याच्या बाजूला नुसती बोटीची चक्कर मारता येते, कोयना, सोळशी, कांदाटीचा संगम बघता येतो. मुनावळ्याला २०२४ पासून सरकारी जलपर्यटन केंद्रही आहे.

कोयनेच्या धरणात जमिनी गेलेल्या काही कुटुंबांना आपल्या सोलापूर जिल्ह्यातही जमिनी मिळाल्या. त्यांच्यातली म्हातारी माणसं तुमच्या ओळखीची असतील तर जायच्या आधी एकदा भेटा. पाणी कुठं खोल, कुठली वाट कुठं निघते, हे त्यांना तोंडपाठ असतं.