पैठणचा गावबा

छत्रपती संभाजीनगराच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरांवर, गोदावरीच्या तीरी, पैठण हे प्राचीन क्षेत्र वसले आहे. फाल्गुन वद्य षष्ठीस तेथे एकनाथ महाराजांच्या समाधीपुढे वारकऱ्यांची दाटी होते. नाथांचे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. परंतु त्यांच्याच घरी वाढलेल्या गावबा नावाच्या मुलाची आठवण त्या गर्दीत फार थोड्यांस होत असेल.

परंपरा सांगते ती हकीकत अशी. गावबाचे वय वाढले, पण बुद्धी त्याबरोबर वाढेना. अक्षर डोक्यात शिरत नसे. त्याचा हट्ट एकच, रोज पुरणपोळी हवी. लोकांनी त्याचे नावच ‘पुरणपोळ्या’ असे पाडले. रोजच्या पुरणाला पैका आणावा कोठून, या विवंचनेत त्याची आई असतानाच नाथांच्या घरचे अन्नदान तिच्या कानी आले आणि मुलगा त्या घरी पोचला. नाथांनी व गिरिजाबाईंनी त्याला ठेवून घेतले. पुढे नाथ त्याला मंत्र देऊ लागले, तेव्हा त्याच्या मुखातून ‘एकनाथ’ या एका शब्दावाचून दुसरे काही निघेना. नाथांनी तेवढ्यावरच समाधान मानले.

चार शतकांपलीकडच्या मुलाला आजच्या वैद्यकातील एखादे नाव चिकटविणे हे धाडसाचे होईल. त्याच्याविषयी लोक काय बोलत, एवढे मात्र या कथेतून स्पष्ट ऐकू येते. असे मूल म्हणजे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, ही समजूत आपल्या समाजात खोल रुजलेली होती आणि तिचा पहिला घाव आईवर बसे. नाथांच्या घरात हा हिशेब कोणी मांडला नाही. वाळवंटात पोळणारे अस्पृश्य मानलेल्या जातीतील मूल नाथांनी कडेवर उचलून घेतले, असेही परंपरा सांगते. त्या घरची रीतच तशी होती म्हणावयाची. मुलगा शहाणा होईल तर ठेवू, अशी अट गावबाला कोणी घातल्याचे कथेत नाही. त्याच्या पानावर पुरणपोळी पडली ती भुकेच्या हक्काने.

इ. स. १५९९ मध्ये नाथांनी देह ठेवला. भावार्थ रामायणाची त्यांची रचना युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत आली होती. पुढचे काम गुरुकृपेने गावबाने केले, असे परंपरा मानते. श्रोता या चमत्काराने गहिवरतो. आणि येथेच कथेचा एक उणेपणा दृष्टीआड होतो. गावबाचे नाव टिकले ते ग्रंथामुळे. ज्यांनी एकही ओवी रचली नाही अशा मुलांची नावे कोणी नोंदविली नाहीत. मंद मुलगा अखेर विद्वान निघाला तरच त्याचे कौतुक करावयाचे, हा पूर्वग्रहाचाच एक सौम्य प्रकार नव्हे काय?

शास्त्राची भाषाही निर्दोष नव्हती. १८६६ साली इंग्लंडात डॉक्टर जॉन लँग्डन डाऊन यांनी अशा मुलांच्या एका वर्गाचे वर्णन केले आणि त्यांना दूरच्या एका मानववंशाचे नाव दिले. ते नाव जागतिक आरोग्य संघटनेच्या वापरातून जाण्यास १९६५ साल उजाडले. ब्रिटिश हिंदुस्थानातील १९१२ च्या कायद्याने जन्मतः मंदबुद्धी मनुष्य आणि वेडा यांना एकाच व्याख्येत कोंबले. उपचाराने बरा होणारा आजार आणि जन्मभराची मंद वाढ या दोन गोष्टी निराळ्या, हे १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मान्य केले. ‘बौद्धिक दिव्यांगता’ हा शब्द तर २०१६ च्या कायद्याबरोबर आला.

मधल्या काळात काम केले ते बव्हंशी आईबापांनी. १९४४ साली मुंबईत वकील दांपत्याने स्वतःच्या कन्येसाठी शाळा काढली. तीच पुढे जय वकील शाळा म्हणून नावारूपास आली. ग्रंथ पुरा करण्याची अपेक्षा तेथे कोणाकडून नव्हती. बटन लावणे, पैसे मोजणे, हाताने काही घडविणे हाच अभ्यास.

पैठणच्या शेजाऱ्यांनी ठेवलेले नाव मात्र अजून गेलेले नाही. गावबाची कथा सांगताना ‘पुरणपोळ्या’ हा शब्द आजही येतो, आणि ऐकणारे हसतात.