दहा हजारांची मर्यादा: १९४४ मधले फ्रान्सच्या रेल्वे यार्डांवरचे हल्ले

आजच्या भागात दुसऱ्या महायुद्धातला एक असा निर्णय बघू, ज्यात ब्रिटन आणि अमेरिकेने ज्या देशाला सोडवायचं होतं त्याच देशाच्या गावांवर बॉम्ब टाकायचं ठरवलं. हे ठरवताना किती नागरिक मेले तर चालतील, याचा आकडाही टेबलावर ठेवला होता. तो आकडा म्हणजे १० हजार.

आधी प्रश्न काय होता ते समजून घेऊ. १९४४ च्या सुरुवातीला नॉर्मंडीत उतरायची तयारी चालू होती. पहिल्या दिवशी किनाऱ्यावर उतरणं अवघड होतंच, पण त्याहून मोठी भीती पुढच्या काही आठवड्यांची होती. मित्रराष्ट्रांचं सैन्य समुद्रातून बोटींनी येणार आणि जर्मनांचं रेल्वेने. रणगाडे लांबवर स्वतःच्या साखळ्यांवर चालवत नेले तर वाटेतच बिघडतात, म्हणून ते मालगाडीवर चढवून नेतात. म्हणजे ही सरळ सरळ शर्यत होती: किनाऱ्यावर आधी कोणाची फौज जमते?

इथे सॉली झुकरमन हा माणूस येतो. हा मुळात प्राणिशास्त्रज्ञ, माकडांवर संशोधन केलेला. युद्धात तो बॉम्बहल्ल्यांच्या परिणामांचा अभ्यास करायला लागला. सिसिली आणि दक्षिण इटलीतल्या रेल्वेवर झालेल्या हल्ल्यांचे आकडे तपासून त्याने मांडलं, की नुसते रूळ उखडून फायदा नाही. रूळ एक-दोन दिवसांत परत टाकता येतात. मारायचं असेल तर मोठी यार्डं मारा, जिथे लोको शेड आहे, इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप आहे, सिग्नल आणि सांधे आहेत.

आपल्याकडे भुसावळसारख्या जंक्शनला गाडी थांबली की शेजारी रुळांचं जाळं आणि वाघिणींच्या रांगा दिसतात. मालगाड्या तिथे तोडल्या-जोडल्या जातात, इंजिनांची देखभाल होते. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर एक सर्व्हर पाडला की तो पुन्हा चालू करता येतो. पण दुरुस्त करायची यंत्रणाच बंद पाडली, तर पुढचा प्रत्येक छोटा बिघाडसुद्धा साचत जातो. झुकरमनचा मुद्दा साधारण हाच होता.

आयझेनहॉवरचा उपप्रमुख, एअर चीफ मार्शल टेडर, याने ही योजना उचलून धरली. विरोधही जोरदार झाला. अमेरिकेचा जनरल स्पाट्झ म्हणत होता की जर्मनीचे तेलाचे कारखाने मारा. ब्रिटिश बॉम्बर कमांडचा प्रमुख हॅरिस याला तर शंका होती की आपली अवजड विमानं रात्री एवढं छोटं लक्ष्य गाठू शकतील का. आणखी एक आक्षेप आजही विचार करण्यासारखा आहे: जर्मन सैन्याला फ्रेंच रेल्वेच्या एकूण क्षमतेचा थोडाच भाग लागतो. वाहतूक घटली की आधी फ्रेंच लोकांचं धान्य आणि कोळसा थांबेल, लष्कराच्या गाड्या शेवटी थांबतील.

हॅरिसच्या शंकेचं उत्तर मार्चमध्ये मिळालं. ६ मार्चच्या रात्री पॅरिसजवळच्या ट्राप यार्डावर २६० हून जास्त विमानं गेली. यार्ड उद्ध्वस्त झालं आणि एकही विमान पडलं नाही. यामागे ‘ओबो’ नावाची रेडिओ यंत्रणा होती. इंग्लंडमधलं एक केंद्र मॉस्किटो विमानाला ठरलेल्या कमानीवर ठेवायचं आणि दुसरं केंद्र नेमक्या क्षणी संकेत द्यायचं. मॉस्किटो उंचावरून रंगीत निशाणं टाकायचं, मागून येणारी लँकॅस्टर आणि हॅलिफॅक्स विमानं त्या निशाणांवर बॉम्ब टाकायची.

२५ मार्चच्या बैठकीत आयझेनहॉवरने रेल्वेच्या बाजूने कौल दिला. त्याचा हिशोब साधा होता. तेलाच्या हल्ल्यांचा परिणाम दिसायला महिने लागतील, त्याला उतरल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मदत हवी होती.

आता तो आकडा. ही यार्डं मोकळ्या माळावर नव्हती, भोवती वस्ती होती. सुरुवातीच्या अंदाजांत मृत आणि जखमी मिळून ८० हजार ते १ लाख ६० हजार असे आकडे आले. चर्चिल हादरला. फ्रेंच जनता कायमची आपल्या विरोधात जाईल, अशी त्याला धास्ती होती. मृतांची संख्या १० हजारांच्या आत राहिली पाहिजे, असा त्याने आग्रह धरला. ७ मे रोजी त्याने रूझवेल्टला पत्र लिहिलं. ११ मे रोजी उत्तर आलं, की जीवितहानीचं दुःख आहे, पण लष्करी सेनापतींचे हात मी इथून बांधणार नाही. राजकीय पातळीवर विषय संपला.

तोपर्यंत हल्ले चालूच होते. ९ एप्रिलच्या रात्री लील शहराजवळच्या देलिव्हरांस यार्डावर हल्ला झाला. दोन हजारांहून जास्त वाघिणी नष्ट झाल्या. शेजारच्या लॉम गावात ४५० हून जास्त माणसं मेली. यार्डाला लागून रेल्वे कामगारांची वसाहत होती, पहिल्या महायुद्धानंतर खास त्यांच्यासाठी बांधलेली. देलिव्हरांस या शब्दाचा अर्थ मुक्तता. १८ एप्रिलला नुआझी-ल-सेक इथे ४६४ जण गेले, आणि उशिरा फुटणारे बॉम्ब पुढचा आठवडाभर फुटत राहिले. २० एप्रिलला पॅरिसच्या ला शापेलमध्ये सहाशेहून जास्त. लक्षात घ्या, फ्रेंच रेल्वे कामगारांमधले अनेकजण गुप्तपणे इंजिनं बिघडवत होते, रूळ उडवत होते. बॉम्ब पडत होते ते अशाच कामगारांच्या घरांवर.

अजून एक कटू गोष्ट. उतरायची जागा नॉर्मंडी आहे हे जर्मनांना कळू नये, म्हणून इतर भागांतही भरपूर हल्ले करावे लागले. म्हणजे काही गावांवरच्या बॉम्बचं एक कारण शत्रूची दिशाभूल हेही होतं.

विमानातली माणसंही मरत होती. १२ जूनच्या रात्री कांब्रेच्या यार्डाकडे निघालेल्या एका लँकॅस्टरला आग लागली. कॅनडाचा अँड्र्यू मायनार्स्की, वय २७, उडी मारायच्या बेतात होता. मागच्या बुरुजात त्याचा सहकारी ब्रॉफी अडकलेला दिसला. आगीतून रांगत जाऊन त्याने तो बुरूज उघडायचा प्रयत्न केला, जमलं नाही. पेटलेल्या कपड्यांनिशी त्याने सलाम केला आणि उडी घेतली. तो भाजून गेला. ब्रॉफी मात्र विमान कोसळताना बाहेर फेकला जाऊन वाचला. त्याच्या साक्षीवरून मायनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

मग योजना यशस्वी झाली का? ६ जूनपर्यंत फ्रान्समधली रेल्वे वाहतूक मार्चच्या निम्म्याहूनही खाली आली होती. किनाऱ्यावर तटबंदी बांधणारे हजारो कामगार जर्मनांना रेल्वेच्या दुरुस्तीला हलवावे लागले. दास राईश ही एसएस रणगाडा डिव्हिजन दक्षिणेतल्या माँतोबाँजवळून निघाली, तिला काही दिवसांच्या प्रवासाला दोन आठवड्यांहून जास्त लागले. अर्थात त्यात फ्रेंच प्रतिकाराचा वाटाही मोठा होता.

पण वाद मिटला नाही. ७ मे रोजी फक्त ८ थंडरबोल्ट विमानांनी सेन नदीवरचा व्हेर्नोनचा पूल पाडला. तेव्हा पूल पाडणं जास्त स्वस्त आणि कमी रक्तपाताचं होतं का? मला वाटतं, बऱ्याच अंशी हो. फक्त मार्चमध्ये निर्णय घेताना छोटी विमानं पूल एवढ्या सहज पाडतील याची खात्री कोणालाच नव्हती. आणि दुरुस्तीची यंत्रणा आधीच मोडकळीला आली नसती, तर तुटलेले पूलही जर्मनांनी लवकर उभे केले असते.

संपूर्ण युद्धात मित्रराष्ट्रांच्या बॉम्बने फ्रान्समधली ५० हजारांहून जास्त माणसं मेली, त्यातली निम्म्याहून जास्त १९४४ मध्ये. नॉर्मंडीवरच्या बहुतेक सिनेमांत ६ जूनची सकाळ दिसते, लॉमची रात्र दिसत नाही. शर्यत जिंकली हे खरं, आणि तिची किंमत ज्यांनी दिली त्यांना कोणी विचारलं नव्हतं हेही खरं. दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवायला हव्यात, एवढंच.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू.